पाण्याची प्रत

चंद्रपूरच्या स्थापनेची कथा पाण्याच्या परीक्षेपासून सुरू होते. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगभर गाठी होत्या. शिकारीस निघालेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला, तेथे झिरपणारे थोडे पाणी प्याला आणि त्याने हातपाय-तोंड धुतले. पाणी जेथे जेथे लागले तेथील गाठी ओसरल्या आणि हा बदल राणीच्या लक्षात आला. पुढे त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले आणि नदीकाठी नवी राजधानी वसली. गोंड राजांविषयीच्या अशा कथा मेजर लूसी स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदी अहवालात नोंदवून ठेवल्या.

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ही स्थलमाहात्म्याची कथा वाटेल आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. येथे पाण्याचा गुण पाण्याकडे पाहून ठरत नाही. जिवंत देहावर त्याचा जो परिणाम होतो त्यावरून ठरतो. आणि तो परिणाम वाचते ती त्या देहाच्या रोजच्या सहवासातली व्यक्ती. जैवसंवेदक या आधुनिक शब्दामागची मूळ कल्पना याहून फार निराळी नाही.

या कल्पनेला शास्त्रीय शिस्त लाभली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. जर्मनीतील कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन संशोधकांनी १९०२ ते १९०९ या काळात नदीतील जीवांची विभागणी केली. सांडपाण्याने कुजलेल्या पाण्यात कोणते जीव तग धरतात, पाणी सावरू लागले की कोणते परततात, आणि निर्मळ पाण्यावाचून कोणाचे चालत नाही, याच्या त्यांनी याद्या केल्या. १९१२ साली ब्रिटनच्या सांडपाणीविषयक राजआयोगाने दुसरा मार्ग सुचवला: पाण्यातील सूक्ष्मजीव घाण खाताना पाच दिवसांत किती प्राणवायू वापरतात ते मोजावे. आज ‘बीओडी’ या नावाने ओळखले जाणारे माप ते हेच. आपल्या उष्ण देशात ही परीक्षा २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून केली जाते. प्रदूषणाच्या अहवालांतील तो कोरडा आकडा वस्तुतः असंख्य सूक्ष्मजीवांच्या भोजनाचा हिशेब असतो.

तीन दिवसांची ही प्रतीक्षा कमी करण्याच्या धडपडीतून जैवसंवेदक हे उपकरण पाण्याच्या क्षेत्रात आले. लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये विद्युतअग्रावर विकराचा पातळ थर बसवून रक्तातील साखर मोजण्याची वाट दाखवली होती. जपानचे इसाओ कारुबे यांनी १९७७ मध्ये विकराच्या जागी जिवंत सूक्ष्मजीव बसवले. त्यांच्या श्वसनातील बदल प्राणवायूच्या संवेदकाने टिपला की पाण्यातील सेंद्रिय घाणीचा अंदाज काही मिनिटांत मिळू लागला. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सांडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विषारी रसायने ऱ्हाइन नदीत उतरली आणि मासे मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर ऱ्हाइनच्या काठी जिवंत पहारेकरी नेमण्यास वेग आला. पाणपिसू आणि शिंपले यांच्या हालचालींवर तेथे अहोरात्र नजर ठेवली जाऊ लागली. पाण्यात काही बोचणारे आले की शिंपला आपले झाकण मिटून घेतो. कोणते विष आले हे त्याला सांगता येत नाही. पण काहीतरी आले आहे, एवढे तो रसायनशाळेच्या आधी सांगतो.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधीच, १९६९ मध्ये केला. नागपूरला १९५८ मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे कायदा होता आणि शास्त्रही दीडशे किलोमीटरच्या आसपास होते. तरीही २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष निर्देशांक काढला, तेव्हा हवा, पाणी आणि जमीन मिळून चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथे आले. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, कागद गिरणी आणि वाढत्या शहराचे सांडपाणी यांच्यामध्ये इरई, झरपट आणि वर्धा या नद्या सापडल्या. राजाच्या गाठी बऱ्या करणाऱ्या झरपटीवर जलपर्णी पसरली. तिला येथे ‘इकॉर्निया’ म्हणतात. ही वनस्पतीही साक्षीदारच आहे: पाण्यात नत्र आणि स्फुरद माजल्याची ती हिरवीगार ग्वाही देते.

रासायनिक नमुन्याची मर्यादा येथे लक्षात घ्यावी लागते. बाटलीत भरलेले पाणी त्या क्षणाचे असते. रात्री सोडलेले पाणी सकाळच्या बाटलीत सापडेलच असे नाही. तळाशी राहणाऱ्या किड्याला मात्र प्रत्येक रात्र तेथेच काढावी लागते. मेफ्लाय या अल्पायुषी कीटकाच्या बहुतेक अळ्यांना भरपूर प्राणवायू हवा असतो. काही माशांच्या रक्तवर्णी अळ्या हिमोग्लोबिनच्या बळावर कुजक्या गाळातही जगतात. पहिल्या नाहीशा होऊन दुसऱ्या माजल्या, तर नदीने गेले काही महिने काय सोसले ते कळते. पृष्ठभागावर धावणाऱ्या पाणनिवळीच्या नावातच आपल्या भाषेने ‘निवळणे’ ठेवले आहे. पाण्याचा पृष्ठताण तिला तोलून धरतो. साबण-सोड्याने तो मोडला की ती बुडते.

परंतु साक्ष समजण्यासाठी तुलना लागते, आणि येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला आपले शास्त्र आठवावे. मराठीत ‘प्रत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: दर्जा आणि हस्तलिखिताची नक्कल. पोथीचा पाठ भ्रष्ट झाला आहे हे ठरवण्यासाठी जुनी, विश्वसनीय प्रत हाताशी असावी लागते. नदीचेही तसेच आहे. झरपटीत कोणता जीव उरला नाही हे सांगण्यासाठी याच मातीच्या, याच पावसाच्या प्रदेशातील निरोगी ओढ्यात तो आहे, हे आधी ठाऊक हवे. चंद्रपूरसाठी ही जुनी प्रत शेजारी आहे, किंबहुना १९८२ पर्यंत ती त्याच जिल्ह्याचा भाग होती. तिचे नाव गडचिरोली.

गडचिरोली म्हणजे अस्पर्श अरण्य नव्हे. वैनगंगा तेथे पोचते ती वरच्या शहरांचे ओझे घेऊनच. पण भामरागडला मिळणाऱ्या इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांच्या खोऱ्यांत, किंवा कठाणीसारख्या नद्यांच्या वरच्या अंगाला, जंगलातून वाहणारे असंख्य नाले आहेत. त्यांचे वाचकही तेथे आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात अभ्यासगट आणि ग्रामसभा यांच्या चर्चेतून निर्णय घेण्याची रीत रुजली. नदीत विष घालून मासे धरण्याची पद्धत तेथे चर्चेला आली आणि गावाने ती बंद केली. मासे का कमी झाले याचा अर्थ लावून स्वतःच्या वागण्यात बदल करणे, ही जैवसंवेदनाची पूर्ण साखळी होय: जीव, संकेत, वाचन, कृती. चंद्रपुरात यांतील शेवटचा दुवा वारंवार तुटलेला दिसतो. २००९ मध्ये मेंढ्याला वनांवरील सामूहिक हक्क मिळाला, तो अशा वाचनाला मिळालेला कायद्याचा आधारही होता.

मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. पक्षी, प्राणी आणि वृक्ष यांचे कोश रचताना त्यांनी विदर्भाच्या जंगलातील माणसांकडून शब्द गोळा केले. पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या जीवांची माडिया-गोंडी आणि झाडीबोलीतील नावे, कोणता जीव कोणत्या डोहात कोणत्या ऋतूत दिसतो याची माहिती, ही तशाच कोशाची सामग्री आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय केली आहे. तिच्यात या जीवांना स्वतंत्र पान मिळायला हवे.

हे काम निवांतपणे करण्याजोगे राहिलेले नाही. २०२१ पासून एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन मोठ्या प्रमाणावर होत आहे. त्याचे परिणाम बरे होतील की वाईट, हा वाद चालत राहील. पण खालच्या नाल्यांत आज काय जगते याची नोंद नसेल, तर उद्या त्या वादात दोन्ही बाजूंना केवळ आवाज चढवता येईल. पुरावा कोणाच्याच हाती नसेल. भ्रष्ट पाठ दुरुस्त करता येतो, पण मूळ प्रत नक्कल करण्याआधीच हरवली, तर दुरुस्त काय करायचे हेही कळत नाही.