घरच्यांच्या नजरेतून स्मृतिभ्रंश

नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. आजाराचे पहिले ठळक लक्षण म्हणजे तिने नवऱ्यावर घेतलेला संशय. मग विसर वाढला, राहत्या घरात वाट चुकू लागली, वस्तू लपवून ठेवणे सुरू झाले. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी स्मृतिभ्रंशाच्या या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. पण रुग्णालयाआधीची ती सारी हकीकत कळली घरच्यांनी पाहिले म्हणून. या शास्त्राचा आरंभच तिथे आहे, आणि मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या परिसरातल्या वाचकाने या विषयात त्याच हक्काने यावे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना. स्त्रियांत आणि खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर मात्र ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय संपतो.

सून भाकरी देत नाही, असे सासू शेजारीपाजारी सांगत फिरते. तासाभरापूर्वी ती जेवलेली असते, पण त्याची नोंद मेंदूत झालेलीच नसते. अल्झायमरचा पहिला घाला बहुधा हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागावर पडतो. जुन्या आठवणी बराच काळ तग धरतात. म्हणून माहेरची माणसे आणि आवणीची गाणी तोंडपाठ, आणि सकाळचे जेवण पुसलेले. सासू खोटे बोलत नाही, सूनही तिला उपाशी ठेवत नाही. हे गावाला समजणे मला सर्वांत निकडीचे वाटते, कारण आजाराआधी हा आरोपच घर मोडतो. अशा वेळी वाद घालू नये. अर्धी भाकरी, थोडे ताक पुढे ठेवावे. दिवस मावळताना ‘मला घरी जायचंय’ हा हट्ट वाढतो, तेव्हाही तेच. ‘हेच तुझं घर’ हे पटवत बसण्यापेक्षा अंगणात दोन फेऱ्या मारून आणाव्यात. एकटे सोडू नये. कल्याण-नगर महामार्ग दारातून जातो.

अक्षरओळख नसलेल्या माणसाची परीक्षा कशी घ्यायची, हा या क्षेत्रातला जुना पेच. १९७५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीत शब्दाची अक्षरे उलटी सांगावी लागतात, वाक्य लिहावे लागते. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ती बदलली: आठवड्याचे वार उलटे म्हणा, आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा. आपल्याकडे याहून जवळचे प्रश्न घरच्यांनाच सुचतील. म्हशाची जत्रा झाली का? आवणी उरकली का? जन्मभर भात शिजवलेल्या बाईचा भात वारंवार करपतो का? बैलबाजारात व्यवहार करणारा माणूस सुट्या पैशांत अडखळतो का?

प्रत्येक विसर अल्झायमर नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य यांनीही बुद्धी मंदावते, आणि त्यावर उपचार होतात. दोन-चार दिवसांतच माणूस बरळू लागला, तर जंतुसंसर्गासारखे कारण शोधायला ताबडतोब डॉक्टर गाठावा. भगताकडे जायचे तर जा, पण रक्ततपासणी चुकवू नका. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींची लक्षणे काही काळ आवरतात.

सेवेचा भार बहुतेक घरांत एकाच बाईवर पडतो. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळालीच पाहिजे, आणि ती देणे हे मुलांचे, जावयांचे, दिरांचे काम आहे. मन थकले तर टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हे क्रमांक विनामूल्य आहेत. वाचकांना विनंती एकच: काय विसरले, केव्हा चिडले, झोप किती झाली, हे शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून वहीत लिहून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.