बिघाडातून नाद : गिटारच्या 'फझ' पेडलचा आणि घरगुती बांधणीचा इतिहास

विद्युत गिटारच्या नादाला मुद्दाम खरखरीत करणाऱ्या 'फझ' पेडलचा जन्म अपघाताने झाला, असे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात सर्रास लिहिले जाते. हे विधान असत्य नाही. परंतु ते अपुरे आहे. अपघात अनेकदा झाले, पेडल मात्र बऱ्याच उशिरा आले. मधले अंतर भरून काढले ते बिघाड शोधण्याच्या विद्येने, आणि तीच विद्या पुढे घरच्या घरी पेडल बांधणाऱ्या हौशी मंडळींचे मुख्य भांडवल ठरली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१९५१ साली मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' हे गीत ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा वाटेत नादुरुस्त झालेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागविण्यात आले. त्यातून निघालेला घोगरा आवाज श्रोत्यांना आवडला. लिंक रे याने 'रंबल' (१९५८) साठी स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली. लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस याने १९६४ साली तोच पडदा पात्याने चिरला. या तिन्ही उदाहरणांत नाद मिळाला, पण तो त्या एका फाटक्या स्पीकरपुरताच राहिला. दुसऱ्या वादकाच्या हाती देता येईल असे त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही.

नॅशव्हिल येथील घटना या दृष्टीने वेगळी आहे. मार्टी रॉबिन्स याच्या 'डोन्ट वरी' (१९६१) या गीताच्या मुद्रणात ग्रेडी मार्टिन बास गिटार वाजवीत असता मिक्सिंग कन्सोलच्या एका वाहिनीतील ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बासचा स्वर एकाएकी गुरगुरू लागला. तो भाग तसाच ठेवण्यात आला. इतर कलावंत तोच आवाज मागू लागले. परंतु सदोष भाग लवकरच पूर्णपणे निकामी झाला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांच्यापुढे आता विचित्र पेच उभा राहिला : गेलेला बिघाड परत आणायचा होता. त्यांनी आपले अभियंता सहकारी रेव्हिस हॉब्ज यांच्यासह तो ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने नव्याने रचला. संकेत इतका वाढवायचा की तरंगाचे शेंडे छाटले जावेत, हे त्यामागील तत्त्व होय. गिब्सन कंपनीने १९६२ साली हे मंडल 'मायेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. त्याला उठाव मात्र १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'नंतरच आला. त्या गीतातील फझची ओळ कीथ रिचर्ड्स यांच्या मनात ब्रास वाद्यांसाठी राखून ठेवलेली केवळ कच्ची जागा होती, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

घरगुती शाखा कारखान्याइतकीच जुनी आहे. व्हेंचर्स या वाद्यवृंदाने १९६२ साली वापरलेला फझ हा स्टील गिटारवादक रेड ऱ्होड्स याने स्वहस्ते बांधलेला होता. जॉन डीकन यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या या बासवादकाने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या एका सर्किट बोर्डापासून छोटा अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. त्याला आवाज कमी-जास्त करण्याचे बटणही नव्हते. ब्रायन मे यांनी त्यावर 'क्वीन'च्या मुद्रणांत अनेक स्वरपट रचले. 'गुड कंपनी' (१९७५) मधील जॅझ वाद्यवृंदाचा आभास हा त्यांपैकीच. त्याच वर्षी क्रेग अँडरटन यांचे 'इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सोल्डरिंगची इस्तरी प्रथमच हाती धरणाऱ्या वादकालाही लिखित मार्गदर्शन मिळाले.

मात्र छापील आकृती आणि वाजणारे पेडल यांत मोठी दरी असते. लंडनच्या अर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढलेला 'फझ फेस' पाहावा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर व दोन नियंत्रक एवढाच त्याचा संसार; तरी तो बांधणाऱ्याला सहजासहजी वश होत नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टरातून बंद अवस्थेतही थोडी विद्युतधारा गळते, आणि ही गळती साध्या मीटरला गुणवर्धन म्हणून दिसते. त्यामुळे भरघोस आकडा दाखविणारा ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात कुचकामी निघू शकतो. उष्णतेने गळती वाढते, म्हणून सकाळी नीट वाजणारे पेडल रंगमंचाच्या दिव्यांखाली घुसमटते. अनुभवी बांधणारा ९ व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपाशी सुमारे साडेचार व्होल्ट मिळतात की नाही हे प्रथम पाहतो, आणि नसल्यास तेथील ८.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलतो. मूळ रचनेत बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते. हे ध्यानात न घेता इतर पेडलांबरोबर एकाच अ‍ॅडॅप्टरवर ते लावले, की विद्युतपुरवठाच आखूड होऊन बसतो.

पेडल साफ मुके असेल तर उपाय आणखी साधा आहे. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या तारेच्या टोकाला एक कपॅसिटर जोडायचा आणि त्याचे दुसरे टोक, गिटार वाजत असताना, प्रवेशापासून निर्गमापर्यंत एकेका सांध्याला लावीत जायचे. जेथे आवाज थांबतो, त्याच्या अलीकडच्या जागी दोष असतो; बहुधा तो एखादा कच्चा सोल्डर किंवा उलटा बसविलेला कपॅसिटर निघतो. नॅशव्हिलला दोष नेमका कोणत्या भागात आहे हे हुडकणे आणि घरच्या मेजावर मुका सांधा हुडकणे, या क्रिया जातीने एकच आहेत. पेटंटच्या कागदात मात्र केवळ मंडलाची आकृती उरते. शोधाची वाट उरत नाही. इतिहासलेखन बव्हंशी अशा कागदांवरच विसंबून असल्याने बांधणारा त्यात क्वचितच दिसतो.

पुढे कारखान्यांनी उष्णतेला दाद न देणारे सिलिकॉन ट्रान्झिस्टर स्वीकारले. फझ फेसमध्येही बीसी १०८ आला. त्याचा नाद अधिक तीक्ष्ण होता. जुना मऊ नाद हवा असणाऱ्या घरगुती बांधणाऱ्यांनी उलट वाट धरली. ते आजही जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचे शिल्लक साठे विकत घेतात, एकेकाची गळती मोजतात, सत्तर-ऐंशीच्या आसपासच्या खऱ्या गुणवर्धनाचा एक पहिल्या जागी व शंभर-सव्वाशेचा एक दुसऱ्या जागी लावून पाहतात, आणि उरलेले डबीत परत टाकतात.