शेततळ्यात सोडलेले मासे का मरतात? बोटुकली ते बाजार, समजून घ्या सोप्या भाषेत

सोलापूर जिल्ह्यातील करकंब (ता. पंढरपूर) हा ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाचा पट्टा. उन्हाळ्यात बागा जगवण्यासाठी या भागात प्लास्टिक कागदाची शेततळी खोदली जातात. त्याच पाण्यात मासे वाढवले तर जोडउत्पन्न मिळते. पण सोडलेले सगळे मासे हाती लागत नाहीत. नफा-तोटा ठरतो तो किती मासे जगले आणि किती वाढले यावर.

बोटुकली म्हणजे काय?
अंड्यातून बाहेर आलेल्या बारीक पिलांना मत्स्यजिरे म्हणतात. ती बोटाएवढी झाली की बोटुकली. जिरे स्वस्त मिळतात, पण त्यातली बरीच मरतात. म्हणून शेततळ्यात शक्यतो ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकलीच सोडावी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाच्या इंजेक्शनने कार्प माशांचे प्रजनन घडवले. त्यामुळे बीजासाठी नदीवर अवलंबून राहणे कमी झाले. १० जुलै हा दिवस ‘राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन’ म्हणून पाळला जातो.

जगण्याचे गणित
समजा, २० गुंठ्यांच्या तळ्यात १,००० बोटुकली सोडली. ८०० मासे जगले आणि प्रत्येकी ७०० ग्रॅमचे झाले, तर ५६० किलो उत्पादन. ४०० च जगले, तर २८० किलो. बीजाचा खर्च मात्र तेवढाच. शिवाय मेलेल्या माशांचा अंदाज न घेता खाद्य टाकत राहिले, तर ते तळाशी कुजते आणि पाणी बिघडते.

मासे कशाने मरतात?
• *सोडतानाचा धक्का:* पिशवीतले आणि तळ्यातले तापमान वेगळे असते. पिशवी १५-२० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन बोटुकली सोडावी. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करावे.
• *ऑक्सिजन:* पाण्यातले शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करते, रात्री वापरते. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर खाद्य थांबवावे आणि पंपाने पाणी फवाऱ्यासारखे सोडावे. ढगाळ हवेत जास्त लक्ष ठेवावे.
• *औषध फवारणी:* बागेतले कीटकनाशक वाऱ्याने किंवा पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात येते. फवारणीचा पंप तळ्यात किंवा काठावर कधीही धुऊ नये.
• *शत्रू:* पाणकावळा, खंड्या, साप आणि मरळसारखे शिकारी मासे. वरून जाळी लावल्यास पक्ष्यांचा त्रास कमी होतो.

वाढ का खुंटते?
कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी खातो. म्हणून तिन्ही एकत्र सोडतात. पण प्लास्टिक कागदाच्या तळ्यात माती नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी तयार होते. तिथे पेंड, भाताचा कोंडा किंवा तयार खाद्य द्यावेच लागते. साधारणपणे माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य रोज पुरते. महिन्यातून एकदा जाळे टाकून काही मासे मोजावेत, म्हणजे खाद्याचा हिशेब चुकत नाही. गर्दी झाली तरी वाढ खुंटते. चिलापी तळ्यात शिरली तर ती पुन्हा पुन्हा पिले घालते आणि खाद्यात वाटेकरी होते.

बाग आधी की मासे?
खरा पेच उन्हाळ्यात येतो. बागेला पाणी दिले की तळ्याची पातळी उतरते, पाणी तापते आणि मासे दाटीवाटीने उरतात. त्यामुळे पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडून मार्च-एप्रिलपासून मोठे मासे टप्प्याटप्प्याने काढणे सुरक्षित. उन्हाळ्यात पाणी किती उरेल याचा अंदाज आधी घ्यावा आणि तेवढेच बीज सोडावे. कमी सोडलेले पण जगलेले मासे हेच खरे उत्पन्न.