नाडी, घटका आणि मनगट

जुन्या ज्योतिषात नाडी म्हणजे चोवीस मिनिटांचा काळ. वैद्याकडे गेलं की नाडी मनगटात उडते. सूर्यसिद्धान्तातलं रोजच्या काळाचं कोष्टक तर श्वासापासूनच सुरू होतं: सहा प्राण म्हणजे एक विनाडी, साठ विनाड्यांची एक नाडी, साठ नाड्यांचं एक अहोरात्र. गुणाकार केला की दिवसाला २१,६०० प्राण भरतात, म्हणजे मिनिटाला पंधरा. निवांत बसलेल्या निरोगी माणसाचा श्वास आजही साधारण याच गतीने चालतो. नाडीचंच दुसरं नाव घटी, घटिका. आणि आपलं घड्याळ या घटीतूनच आलं.

भाजे गावातून लोहगडाकडे निघालेली तरुण मंडळी गायमुख खिंडीत दम खायला थांबतात तेव्हा मनगटाकडे बघतात. किती वाजले हे त्यांना सगळ्यात शेवटी हवं असतं. आधी हवी असते उंची, मग हृदयाचे ठोके, मग रक्तातला प्राणवायू. हे सगळं दाखवणारी तबकडी कॅलिफोर्निया, जपान, फिनलंडच्या प्रयोगशाळांतून आली हे खरं. पण ती जे मोजते ते मोजण्याची धडपड या घाटमाथ्याला फार जुनी आहे, आणि तिची कहाणी मावळ-लोणावळ्याच्या वाटेनेच नीट सांगता येते.

आधी वेळेचं पाहू. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली १८५८ मध्ये. खाली खोपोलीपर्यंतचा घाट मात्र उतारूंना पालखी, घोडा नाहीतर पायांच्या भरवशावर ओलांडावा लागे. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ खुला झाला: १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, सदतीस फुटांत एक फूट असा उतार. गाडी घाट चढू लागली आणि तिच्याबरोबर एक नवाच प्रश्न वर आला. मुंबईचं घड्याळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे चाले, मद्रासचं ५ तास २१ मिनिटं, आणि रेल्वेने धरली मद्रासची वेळ. मुंबईकराचं खिशातलं घड्याळ आणि स्टेशनातलं घड्याळ यांत अर्ध्या तासाचं अंतर पडलं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असे. हवापालटाला लोणावळ्यात येणाऱ्या किती घरांनी ही वजाबाकी तोंडपाठ केली असेल!

याच काळात मुंबई घड्याळांची मोठी पेठ बनली. स्वित्झर्लंडची फेवर-ल्युबा १८६५ मध्ये मुंबईत उतरली, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये. आगळ्या घड्याळांच्या इतिहासात भारताचं नाव पुन्हा येतं ते १९३१ मध्ये. इथे पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा फुटत, म्हणून तबकडी आतल्या बाजूला उलटी फिरवून ठेवता येईल असं ‘रिव्हर्सो’ तयार झालं.

पण आपल्या कहाणीला अधिक जवळचं घड्याळ आहे फेवर-ल्युबाचं ‘बिवाक’. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या या मनगटी घड्याळात वायुदाबमापक बसवला होता. आत हवा काढून घेतलेली धातूची एक चपटी डबी. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते, वाढला की चेपते, आणि तिची ती बारीकशी हालचाल काट्यापर्यंत पोचते. कडेची चकती फिरवून ३,००० मीटरपर्यंतची उंची वाचता येई. १,६४६ मीटरच्या कळसूबाईसकट अख्खा सह्याद्री त्या चकतीत मावत होता. चावीवर चालणारं, बॅटरीचा पत्ता नसलेलं हे घड्याळ एवढं काम करत होतं, याचं कौतुक आजच्या चमकत्या पडद्यांपुढेही कमी होत नाही.

वायुदाबावरून उंची काढण्याची युक्ती त्याहून खूप जुनी. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करणारा विल्यम हेन्री साइक्स वायुदाबमापकं आणि थर्मामीटर घेऊन हा प्रदेश हिंडला. पाऱ्याची लांब काचनळी उन्हातान्हात, खाचखळग्यांतून सांभाळून न्यायची म्हणजे जिवावरचं काम. म्हणून त्याने दुसऱ्या रीतीचाही पुरस्कार केला: साधा थर्मामीटर घ्यायचा आणि पाणी कोणत्या तापमानाला उकळतं ते बघायचं. जितकं उंच जावं तितकं पाणी लवकर उकळतं. सुमारे ६२२ मीटरवरच्या लोणावळ्यात ते शंभराऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. चुलीवरचं आधण हेच उंचीचं यंत्र, ही कल्पना आजही मन वेधून घेते.

मनगटी उंचीमापकाला एक खोड मात्र जन्मापासून आहे. त्याला उंची कळत नाही, फक्त दाब कळतो. आषाढात अरबी समुद्रावरून पाऊस चालून आला आणि हवेचा दाब पाच-सहा हेक्टोपास्कलने उतरला, तर लोणावळ्यात खोलीत बसलेल्या माणसाचं घड्याळ त्याला पंचेचाळीस-पन्नास मीटर वर चढवून ठेवतं. म्हणून जाणते गिर्यारोहक निघताना एक काम न चुकता करतात. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिच्याशी घड्याळ जुळवून घ्यायचं आणि मगच वाट धरायची.

आता नाडी. घड्याळ आणि नाडी यांची पहिली ठरवून घातलेली गाठ इंग्लंडातली. जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरने १७०७ मध्ये नाडीच्या घड्याळावर ग्रंथ लिहिला. त्याने करवून घेतलेलं घड्याळ एक मिनिट मोजून देई, आणि तेवढ्या वेळात रुग्णाचे ठोके मोजायचे. पुढे डॉक्टरांसाठी तबकडीच्या कडेवर नाडीची मोजपट्टी असलेली घड्याळं निघाली. तीस ठोके मोजून काटा थांबवला की मिनिटाचा आकडा समोर.

आपल्या वैद्याची रीत वेगळी. त्याची तीन बोटं नाडीचा वेग तर बघतातच, शिवाय तिची चालही बघतात: सर्पासारखी, बेडकासारखी, हंसासारखी. ही चाल आकड्यात कशी आणायची, किंबहुना योगी शरीरात जे घडवतो असं सांगतात ते यंत्रापुढे कसं मांडायचं, हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभरासाठी घेतला आणि त्यासाठी लोणावळा निवडलं.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा, डभोईचा. बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळेच्या माणिकरावांकडे शरीराची तालीम झाली, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योगाची. अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचं काम केलं. १९२४ मध्ये त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या यौगिक क्रिया करणाऱ्यांची क्ष-किरण तपासणी करवली, आणि त्याच वर्षी लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं. सोबतच ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं. त्याच्या सुरुवातीच्या अंकांत आसनांची वर्णनं आहेत तसेच प्रयोगांचे तक्तेही आहेत. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने दाखवलं. बस्ती या आतड्याच्या शुद्धिक्रियेत पाणी आत कसं ओढलं जातं याचं कारण त्यातून उलगडलं. या निर्वाताला त्यांनी गुरूंचं नाव दिलं: माधवदास निर्वात.

आज मनगटावर हिरवा दिवा लुकलुकतो तेव्हा हा काळ आठवायला हवा. श्रद्धेचा विषय मोजपट्टीखाली ठेवायला त्या काळी केवढं धैर्य लागलं असेल! कुवलयानंदांना योगाविषयी मनापासून आदर होता, आणि म्हणूनच त्यांना सांगोवांगी गोष्टी नको होत्या. येल विद्यापीठातला कोवूर बेहनान १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिला आणि पुढे त्याने प्राणायामात प्राणवायू किती खर्च होतो याचीही मोजणी केली. त्याचं पुस्तक १९३७ मध्ये निघालं.

योगी हृदय थांबवतात ही सांगोवांगीच्या गोष्टींतली सर्वांत गाजलेली गोष्ट. १९३५ मध्ये तेरेज ब्रॉस ही फ्रेंच हृदयतज्ज्ञ हलवता येण्याजोगं हृदयालेख यंत्र घेऊन भारतात आली. तिच्या नोंदींमुळे हृदय खरंच थांबल्यागत होतं, असा समज पसरला. १९५७ मध्ये अमेरिकेहून वेंगर आणि बागची आले. त्यांनी आणि दिल्लीच्या बाळकृष्ण आनंद यांनी काढलेला निष्कर्ष १९६१ मध्ये छापला गेला. श्वास रोखून छातीपोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. मनगटावरची नाडी हाताला लागेनाशी होते, स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येत नाहीत. पण हृदयालेखाच्या कागदावर रेघ उमटतच असते. मनगट गप्प, हृदय चालू.

लोणावळ्यात त्यापुढची पायरी गाठली गेली ती हवाबंद खड्ड्यात. भूमिगत समाधीच्या गोष्टी गावोगाव होत्या. कैवल्यधामच्या करंबेळकर, विनेकर आणि भोले यांनी माणसांना हवाबंद खड्ड्यात बसवून अभ्यास केला, आणि तो निबंध १९६८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. बंद हवेत प्राणवायू घटत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, आणि माणूस ते किती सोसतो? जिथे चमत्कार शोधायला लोक जात, तिथे हे तिघे वायूंचं प्रमाण शोधत होते.

इकडे मनगटी घड्याळात दुसऱ्याच करामती चालू होत्या. १९७२ मध्ये ‘पल्सार’चे लाल आकडे आले, बटण दाबल्यावरच दिसणारे. १९८० मध्ये कॅसिओचं बटणांचं कॅल्क्युलेटर घड्याळ आलं, १९८२ मध्ये सेइकोचं टीव्ही घड्याळ. त्या टीव्हीचा रिसीव्हर मात्र खिशात बाळगावा लागे. १९९४ मध्ये टाइमेक्सचं डेटालिंक संगणकाच्या पडद्यासमोर धरलं की लुकलुकत्या पट्ट्यांतून नावं-नंबर वाचून घेई. यातलं बरंचसं आता संग्राहकांच्या कपाटात आहे. टिकली ती शरीराकडे आणि डोंगराकडे बघणारी घड्याळं: १९८२ चं फिनलंडच्या पोलारचं, छातीच्या पट्ट्यावरून बिनतारी ठोके घेणारं, १९९९ चं कॅसिओचं, उपग्रहावरून जागा सांगणारं.

छातीचा पट्टा सुटला तो प्रकाशामुळे. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखाली रक्त वाढतं, परतणारा प्रकाश घटतो, आणि घड्याळ हा चढउतार मोजतं. प्राणवायूसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात. ती वाट १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी दाखवली. १९०० च्या दशकातलं आइंटहोव्हेनचं हृदयालेख यंत्र सुमारे २७० किलोंचं होतं आणि रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत. २०१८ मध्ये तोच आलेख, एकाच जोडणीचा का होईना, अ‍ॅपलच्या घड्याळाच्या चावीवर दुसऱ्या हाताचं बोट टेकवून निघू लागला.

श्वासाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. बऱ्याच घड्याळांत श्वास थेट मोजायची सोय नसते. श्वास आत घेताना हृदय किंचित जलद होतं, सोडताना मंदावतं. त्या लाटा मोजून घड्याळ श्वासांचा अंदाज बांधतं आणि सकाळी रात्रीचा आकडा देतं: चौदा, पंधरा, सोळा. थंडीत आखडलेलं मनगट किंवा सैल पट्टा असला की हा अंदाज ढळू शकतो. तेव्हा पडताळा घ्यायची रीत फ्लॉयरच्या वेळचीच आहे. स्वस्थ बसायचं, एक हात पोटावर ठेवायचा, नजर सेकंदकाट्यावर, आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं.