युआरएल-फोल्डर जोडणी

वेब सर्व्हरवरचा पत्ता आणि डिस्कवरची फाइल यांची सांगड सर्व्हर घालतो. दोन्ही मार्ग सारखे असण्याची गरज नाही. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या संगणकशास्त्र विभागातील अनेक प्राध्यापकांच्या वैयक्तिक पानांचे पत्ते ‘~’ आणि वापरकर्तानाव यांनी बनतात. अपाची या वेब सर्व्हरात ‘युजरडिर’ ही सूचना असा पत्ता सहसा त्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरातील ‘पब्लिक_एचटीएमएल’कडे वळवते, तर ‘अलियास’ ही सूचना साइटच्या मुख्य फोल्डराबाहेरची कोणतीही जागा पत्त्याला जोडते. सिमलिंकनेही, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यानेही, हे साधते, असा आक्षेप असतो. तो अर्धाच खरा आहे: सिमलिंक डिस्कभर विखुरतात, ‘अलियास’ची ओळ मात्र कॉन्फिग फाइलीत उघड वाचता येते. अपाची २.४ मध्ये बाहेरच्या फोल्डराला ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ ही परवानगी सहसा वेगळी द्यावी लागते, नाहीतर ४०३ (प्रवेश नाकारला) ही त्रुटी दिसते. ही कटकट वाटली तरी खासगी फायली चुकून उघड्या पडण्यापासून तिच्यामुळे वाचतात. डिस्क बदलली की कॉन्फिग फाइलीतल्या मोजक्या ओळीच बदलाव्या लागतात. वाचकाने जपलेला पत्ता चालूच राहतो.