फोल कशाला म्हणावे?

माउली, आपल्या मराठीत व्यर्थपणाला शब्दांचा तोटा नाही. फोल, पोचट, फुकट, वाया, वाउगे, वायफळ, निष्फळ. रोजच्या बोलण्यात आपण एकाच्या जागी दुसरा सहज घालतो. संतांनी मात्र हे शब्द तोलून वापरले. तो तोल कळला नाही, तर चांगले काम हातचे सुटते आणि पोकळ काम हाती उरते.

'फोल' हा खळ्यातला शब्द. भात झोडून वाऱ्यावर उपणले की दाणा पायाशी पडतो, फोलपट उडून जाते. 'पोचट' म्हणजे ज्यात तांदूळ भरलाच नाही असा दाणा. वरून तो भरल्या दाण्यासारखाच दिसतो. उणीव असते ती आत. ज्ञानोबारायांपासून तुकोबारायांपर्यंत संतांनी व्यर्थपणाची भाषा केली ती या आतल्या उणिवेसाठी. भावावाचून जप, दयेवाचून ज्ञान, लोकांनी पाहावे म्हणून धरलेले व्रत, हे फोल. पाऊस चुकला आणि पीक बुडाले, म्हणून त्या शेतकऱ्याचे कष्ट फोल, असे त्यांचे म्हणणे नव्हे.

आपल्या म्हणीही पाहा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणताना दोष घड्याचा असतो, पाण्याचा नसतो. गाढवापुढे वाचली गीता म्हणताना गीतेला उणेपणा येत नाही.

गीतेचे नाव निघाले म्हणून आमच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहे या शेजारच्या तालुक्यांची आठवण करून देतो. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबाजींचा जन्म झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार त्यांनी अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. समोर कैदी. तुरुंगात गीता सांगून काय हाती लागणार, असे कोणी व्यवहारी माणूस म्हणालाही असता. त्याच तुरुंगातले साने गुरुजी ती प्रवचने लिहून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. पण ग्रंथ झाला नसता, तरी त्या रविवारांचे मोल कमी झाले नसते. फळाची आस सोडली की काम अधिक मन लावून होते, हेच तर त्या प्रवचनांचे सार आहे.

रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारातील 'योगेश्वर कृषी'त भक्त पाळीपाळीने शेतात राबतात आणि पिकावर आपला हक्क सांगत नाहीत. पीक देवाचे. हिशेबी माणूस याला फुकट राबणे म्हणेल. राबणारा त्याला पूजा म्हणतो.

आता आमचा खारेपाट पाहा. धरमतरच्या खाडीलगत मातीचे बांध घालून ही भातशेती समुद्राकडून मागून घेतलेली आहे. उधाण आले, बांधाला खांड गेली, की खारे पाणी शेतात शिरते. मग खांड बुजवायची आणि पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाण्याची वाट पाहायची. एका मोसमाचे पीक गेले असेल, पण पिढ्यांनी बांध धरला म्हणूनच तिथे शेत आहे. मग ते कष्ट वाया गेले कसे म्हणावे?

एक सावधगिरी मात्र हवी. फळाची आशा धरू नका, हा उपदेश दुसऱ्याचे फळ ओढून नेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला आणि शेते पडीक ठेवली. घाम कुळाचा आणि धान्य खोताचे, याला कोणी निष्काम कर्म म्हणू नये. उधाणात वाहून गेलेले फळ वेगळे, खोताने हिरावलेले वेगळे आणि देवाला वाहिलेले वेगळे. पहिल्यासाठी धीर धरावा, दुसऱ्यासाठी न्याय मागावा, तिसऱ्याचा हिशेबच ठेवू नये.

माउली, वारीहून परतल्यावर घरातला तरुण नातू विचारतो, 'एवढे चाललात, मिळाले काय?' त्याच्यावर रागावू नका. प्रश्न रास्त आहे, फक्त तो आपण आपल्यालाच विचारायचा. वाटेत पाणी देणाऱ्याशी गोड बोललो का? थकलेल्याचे ओझे घेतले का? नाम ओठांवर होते तेव्हा मन कुठे होते? दाणा भरला असेल तर तो सुपात राहीलच. भरला नसेल, तर पुढच्या आषाढीपर्यंत भरायला वेळ आहे.

रामकृष्णहरी.