तंजावरच्या ‘अंबा’ आणि ‘बाई’

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू हे गाव आहे. तेथील जुन्या छत्राला तमिळ लोक ‘मुत्तांबाळ चत्तिरम्’ म्हणतात. या उच्चारात आपले ‘मुक्ता’ दडले आहे, हे मराठी कानाला चटकन उमगत नाही.

भोसल्यांच्या तंजावरात स्त्रियांच्या नावांना ‘अंबा’ जोडण्याची रीत रुळली. एकोजीराजांची दीपाबाई दीपांबा झाली. तमिळने पुढे आपला स्त्रीवाचक ‘ळ्’ लावला आणि ‘क्त’चा ‘त्त’ केला. त्याबरोबर अर्थही हलला. मुक्ता म्हटले की महाराष्ट्राला ज्ञानदेवांची बहीण आणि मोक्ष आठवतो. तमिळ ‘मुत्तु’ म्हणजे मोती. संस्कृत ‘मुक्ता’चाही एक अर्थ मोतीच, तेव्हा याला अपभ्रंश म्हणून हिणवता येत नाही.

ही मुक्तांबा सरफोजीराजांची प्रिया होती, विवाहित राणी नव्हे. पण छत्र उभे राहिले ते तिच्या नावाने. रामेश्वराच्या यात्रेकरूंना तंजावरच्या छत्रांतून अन्न मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे, बाळंतिणींची शुश्रूषा होई.

नाव उलट वाटेनेही चालले. अखेरचे राजे शिवाजी यांच्या ज्येष्ठ राणीचे नाव कांचीच्या देवीचे, कामाक्षी. त्यापुढे मराठी ‘बाई’. १८५५ साली राजे वारले आणि कंपनीने त्यांची मालमत्ताही ताब्यात घेतली. राणीने दावा लावला. मद्रासला ती जिंकली. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरली. त्या निकालपत्रावर तिचे नाव पडले ‘कामाची बॉय साहबा’, आणि कायद्याच्या पुस्तकांत ती आजही याच नावाने ओळखली जाते.